तिसरा पोर्ट

तौफिकनं पोतं बाकावर आपटलं तसा मी ओरडलो.

"हळू की लगा! ॲल्युमिनियम आहे ते, बटाटे नाहीत."

"बटाट्याच्याच भावात आणलंय," तो म्हणाला. "बघ तर. झेन गाडीचं हेड. नवंकोरं."

नवंकोरं होतं खरं, पण नाव नाही, गाव नाही. कंपनीच्या हेडवर कंपनीचा शिक्का असतो. ह्याच्यावर नुसता एक आकडा, तोही तिरका. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात असली हेडं ढिगानं मिळतात. कुठल्यातरी छोट्या फाउंड्रीत ओतलेली असतात. कुठल्या ते विकणाराही सांगत नाही, घेणाराही विचारत नाही.

ज्यांनी कधी इंजिन उघडलेलं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. व्हॉल्व्ह त्यात बसतात आणि हवा आत यायच्या वाटाही त्यातच. त्या वाटांना पोर्ट म्हणायचं. झेनला चार. हवा जेवढी मोकळी आत जाईल तेवढं इंजिन जोर करतं. त्या वाटा घासून मोकळ्या करणं, म्हणजे पोर्टिंग, हे माझं काम. मला कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघितलं आणि भंगारातली हेडं बिघडवत शिकलो. एका लेथवाल्याच्या शेडमधला कोपरा भाड्यानं घेतला होता. एक बाक, एक ग्राइंडर, एक बॅटरी.

ह्याला आता बरीच वर्षं झाली.

"हे हेड नीट कर भावा," तौफिक म्हणाला. "फेब्रुवारीत मातीच्या ट्रॅकवर रेस आहे. आणि इंगवलेसर येणार आहेत."

"कोण इंगवले?"

"अरे, कोइमतूरच्या रेसिंग टीमचे. मूळचे कागलचे. त्यांना हेडचं काम करणारा पोरगा पाहिजे. रेस झाली की पहिल्या तिघांची इंजिनं उघडून तपासतात ना, तिथं ते स्वतः उभे राहतात म्हणे. मी पहिल्या तिघांत येतो. पुढचं तुझ्या हातात."

"तू पहिल्या तिघांत?"

"तू हेड चांगलं केलंस तर. नाहीतर माझ्या ड्रायव्हिंगवर आहेच चौथा नंबर."

तौफिकचं स्पेअर पार्टचं छोटं दुकान होतं आणि एक जुनी झेन. दुकानात जे मिळायचं ते झेनमध्ये जायचं.

मी हेड तपासायला घेतलं. आधी पोलादी पट्टी आडवी ठेवून सपाटी बघितली. मग व्हॉल्व्ह घालून हलवून बघितले, जास्त खेळतात का. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर निळा रंग लावून फिरवला, कुठं टेकतंय ते कळतं. मग हेड उलटं करून लाकडी हातोडीनं ठोकलं. इंजिन गार ठेवणारं पाणी खेळायच्या जागेतून भसकन वाळू पडली.

"वाळू फुकट दिलीय," तौफिक म्हणाला.

"अर्ध्या किमतीची वाळूच आहे."

शेवटी बॅटरी घेऊन एकेका पोर्टात डोकावलो. पहिला बरा. दुसरा बरा. तिसऱ्यात बघितलं आणि शिवीच आली तोंडातून.

पोर्टाच्या छतावर, आतल्या वळणावर, एक वळ उठला होता. छडी मारल्यावर हातावर उठतो ना, तसा. बारीक, जरा वाकडा. नेमका हवेच्या वाटेत.

"परत तेच," मी म्हटलं. "हे बिननावाचं हेड आलं की तिसऱ्या पोर्टात हा वळ असणारच. दर वेळी घासतोय. आतला वाळूचा कोअर जोडणारी कोण बाई आहे देव जाणे. आंधळी असणार."

"किंवा नवऱ्यावर चिडलेली," तौफिक म्हणाला.

घरी गेलो तेव्हा आई भाकऱ्या करत होती. घरात आम्ही दोघंच. वडील मी लहान असतानाच गेले. आई शिरोलीच्या एका फाउंड्रीत कोअर शॉपमध्ये होती. ओतताना आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे ठोकळे घालतात, ते कोअर; ते जोडायचं काम बायकाच करतात. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका ‘मी आले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो’ म्हणतात. आई तशीच बोलायची.

"आज कुणावर चिडलाईस?" तिनं तोंड बघूनच विचारलं.

"एका बाईवर."

थापायचा हात थांबला. "आं? नाव काय तिचं?"

"नाव माहीत असतं तर दारात जाऊन भांडलो असतो."

"मग लग्नाचं न्हाई म्हण की. मी उगंच खूश झालो."

मी तिला वळाचं सांगितलं. तिनं नीट विचारून घेतलं. छतावर की तळाला? तोंडाशी की आत? माझ्या कामातलं असलं काही तिनं आधी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं मीही रंगून सांगत बसलो. तव्यावर भाकरी करपली तरी आम्ही बोलतोय.

"ते जोडाचं असणार," आई म्हणाली. "वाळूचा कोअर दोन तुकड्यात निघतोय. दोन्ही लुकणानं चिकटवायचं आणि जोड बोटानं पुसून घ्यायचा. नीट पुसला न्हाई तर वाळूत खाच राहती. ॲल्युमिनियमचा रस ओतला की खाचंत रस शिरतो. तोच तुझा वळ."

"मग बघत का नाहीत त्या बायका?"

"काय बघायचं बाबा? रस थंड झाला की वाळू फोडून झाडून टाकत्यात. आम्ही केलेलं ऱ्हातंय कुठं? त्याच्या जागी मोकळी जागा ऱ्हाती. ती कशात जाती, पंपात की गाडीत, आम्हाला काय ठाव. आम्हाला नुसता नंबर."

तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. आईच्या प्रत्येक भाकरीच्या कडेला एक बारीक खाच असायची. मी शाळेत असताना तिच्या उजव्या हातावर लोखंडी साचा पडला होता. तेव्हापासून अंगठ्याजवळचं बोट शेवटच्या पेरात वाकडं झालेलं आणि नख आत वळलेलं. थापताना ते नख लागायचं.

"तुझ्या भाकरीला पण पोर्टिंग करायला पाहिजे," मी म्हटलं.

"खायची तर खा, न्हाईतर हवा खा."

आणि ती हसता हसता खोकायला लागली. खोकला तिला दोन-तीन हिवाळे होताच. वाळूचा आहे, जाईल, म्हणायची.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती डबा घेऊन शेडवर आली. कधी यायची नाही. तौफिकनं स्टूल पुसून दिलं.

"मावशी, आज काय इन्स्पेक्शन?"

"तौफ्या, तुझी गाडी पळती का नुसतीच आवाज करती ते बघाय आलो."

"आवाजच करती मावशी. पळवायचं काम तुमच्या पोराकडं दिलंय."

"दाखव रं ती बाई," ती मला म्हणाली.

मी हेड तिच्यापुढं केलं, बॅटरी लावून दिली. तिनं बॅटरी बाजूला ठेवली. तिला बघायचं नव्हतं. तिनं हात पदराला पुसला आणि ते वाकडं बोट तिसऱ्या पोर्टात घातलं.

बोट आत गेलं आणि एका जागी थांबलं.

"लागला का?" मी विचारलं.

"लागला."

बराच वेळ तिनं बोट काढलं नाही. मला वाटलं अडकलं.

"अडकलं काय?"

"न्हाई." तिनं बोट काढून मुठीत धरलं. "तुला दर वेळी हे घासावं लागतंय?"

"दर वेळी."

"घास बघू. बघतो मी."

मला चेव आला. आईला दाखवायचं होतं ना. ग्राइंडर लावला. चांदीसारखी पूड उडायला लागली. ती म्हणाली, तोंडाला फडकं बांध आधी. मी फडकं बांधलं आणि आणखी आत शिरलो. वळ गेला. तरी बोटाला जरासं काहीतरी लागत होतं, म्हणून अजून घासलं. अजून थोडं. मग गुळगुळीत झालं. मी तिच्याकडं बघून हसलो.

पाणी भरून बघायची पद्धत असते. पाण्याच्या जागेत पाणी भरायचं आणि पोर्टात बॅटरी मारायची. मी भरलं. तिसऱ्या पोर्टाच्या छतावर एक थेंब जमला. मोठा झाला. खाली पडला. मग दुसरा.

छत तिथं पातळ निघालं होतं. घासता घासता मी आरपार गेलो होतो.

तौफिकनं ग्राइंडरचा प्लग काढला.

"गेलं?" आईनं विचारलं.

"गेलं."

"डकवता येत न्हाई?"

"येतं. पण रेसच्या तापात टिकत नाही."

"दुसरं आणू भावा," तौफिक हळू आवाजात म्हणाला. "नवा माल यायला वेळ आहे, पण येईल रेसच्या आधी."

"दुसऱ्यात पण हाच वळ असणार!" मी फडकं काढून फेकलं. "तीच फाउंड्री, तीच बाई. मी परत घासणार, परत भोक पडणार. ती बाई माझं कोइमतूर घालवणार बघ."

"न्हाई घालवणार," आई म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"डबा खा. गार झालाय."

जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "सायकलची जुनी ट्यूब हाय काय रं इथं? फुटकी चालंल."

"कशाला?"

"डब्याला बांधाय."

मी एक तुकडा कापून दिला.

त्यानंतरच्या दिवसांत ती कामावरून जरा दमून यायची. मी विचारलं की म्हणायची, काम वाढलंय. मला वाटलं, वर्षअखेर आहे, असेल. आम्ही जेवायचो. मी त्या बाईला शिव्या घालायचो. आई म्हणायची, वाढू का अजून?

जानेवारीत एका दुपारी फाउंड्रीतून फोन आला. बाकावर कोअर जोडता जोडता कलंडली म्हणाले. मी पोचलो तर दवाखान्याच्या दारात तिच्याबरोबरच्या बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या हाताला वाळू. मला बघून त्या दोन्हीकडं सरकल्या, वाट दिली. तेवढ्यावरून कळलं.

आईचे दिवस झाले. पाहुणे गेले. घरात बसवेना म्हणून मी शेडवर जाऊन बसायला लागलो. काही करायचो नाही. नुसता बसायचो.

तौफिक आला. खांद्यावर पोतं होतं. ह्या वेळी त्यानं ते बाकावर हळू ठेवलं.

"नवा माल आलाय," म्हणाला. "पण घाई नाही. रेस राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

"दे इकडं."

"खरंच राहू दे निवास."

"दे म्हटलं ना. हाताला काहीतरी पाहिजे."

पट्टी लावली. व्हॉल्व्ह हलवले. निळा रंग. ठोकून वाळू काढली. सगळं तेच, तितकंच सुमार. मग बॅटरी घेतली. पहिला बरा. दुसरा बरा.

तिसऱ्यात बघितलं. बॅटरी हलवून परत बघितलं. मग बोट घातलं.

"काय झालं?" तौफिक म्हणाला.

"वळ नाही."

"म्हणजे?"

"वळ नाही तिथं. जोड कुठं आहे तेपण कळत नाही."

खरंच कळत नव्हतं. असल्या हेडात इतका साफ पोर्ट मी बघितला नव्हता. वळणावरून बोट असं फिरायचं जसं तिथं कधी जोड नव्हताच. बाकीचे तीन पोर्ट नेहमीसारखे ओबडधोबड आणि हा एकच असा.

"काढली वाटतं त्या बाईला," मी म्हटलं. "सुटलो एकदाचा."

तौफिकला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा काहीतरी बोललो होतो. तो चहा सांगायला गेला. परत आला तो मालनमावशीला घेऊनच. मालनमावशी म्हणजे आईच्या शेजारच्या बाकावर बसणारी, तिची मैत्रीण. आमच्या घराला कुलूप बघून शेड शोधत आली होती.

"तुझ्या आईचं, शालनचं सामान ऱ्हायलं होतं फाउंड्रीत," ती म्हणाली आणि पिशवी पुढं केली.

डबा होता. तोंडाला बांधायचं फडकं होतं. कंगवा. आणि तळाशी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा, बोटाएवढा, एक टोक दोऱ्यानं शिवून बंद केलेलं.

"हे काय?"

"टोपण तिचं. वाकड्या बोटात घालायची की."

"कशाला?"

मालनमावशीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग बाकावरच्या हेडकडं, मग परत माझ्याकडं.

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "ह्या नंबरच्या तिसऱ्या कोअरचा जोड तीच पुसायची बाळा. इतकी वर्षं तीच. तुझ्या शेडवर आली, बोट घालून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणती कशी, मालन, ती बाई मीच की गं. माझंच नख लागतंय. माझं पोरगं तिथं घासून घासून बेजार झालंय आणि मी रोज नवीन वळ पाठवतोय."

मी ट्यूब हातात धरून होतो.

"मग हे शिवलं. ट्यूब घातली की बोटाला काय कळायचं न्हाई, म्हणून एकेक जोड दोनदा-तीनदा पुसायची. पाण्याचा हात घेऊन, फुंकर मारून. सुपरवायझर ओरडायचा, शालनबाई, हे काय देवाची मूर्ती करालाय काय. तर म्हणायची, ओरडू दे. कोइमतूरला जायचंय."

"मला का नाही सांगितलं?"

"मी बी तेच म्हटलं. तर हसाय लागली." मालनमावशीनं पदर तोंडाला लावला. "म्हणाली, त्यानं त्या बाईला इतक्या शिव्या घातल्यात, आता सांगितलं तर बिचारा माझ्या हातची भाकरी खाणार न्हाई. रेस झाली की सांगतो, म्हणाली."

चहा आला होता. कुणी घेतला नाही.

मालनमावशी गेल्यावर मी उठून कोपऱ्यात गेलो. ते आधीचं, बिघडलेलं हेड तिथं पडलं होतं. त्या आधीची सगळी हेडं मी घासून, विकून मोकळा झालो होतो. वळ असलेलं एकही कुठं शिल्लक नव्हतं. ह्यातही नव्हता. मी तिसऱ्या पोर्टात बोट घातलं तर तिथं मी पाडलेलं भोक होतं.

तौफिक मागं येऊन उभा राहिला. हात खांद्यावर ठेवावा की नाही ह्या विचारात असावा. शेवटी त्यानं ठेवला.

मग मी कामाला लागलो. पहिला पोर्ट घासला. दुसरा घासला. चौथा घासला. व्हॉल्व्ह बसवले, सीटा मारल्या, पाणी भरून बघितलं. एकही थेंब नाही.

"तिसरा?" तौफिकनं विचारलं.

"झालाय तो."

रेसच्या दिवशी मी ट्रॅकच्या कडेला उभा होतो पण मला फारसं आठवत नाही. धूळ आठवते. झेनचा आवाज आठवतो. तो आवाज आधी कधी तसा नव्हता, इंजिन वरच्या वेगाला गेलं की फाटायचा. त्या दिवशी फाटला नाही. तौफिक दुसरा आला. गाडीतून उतरला आणि रडायलाच लागला, आणि लोकांना वाटलं नंबर आला म्हणून.

मग पहिल्या तिघांची इंजिनं उघडली. तंबूत टेबलं मांडली होती. आमचं हेड टेबलावर उलटं ठेवलं. इंगवलेसर आले. पिकलेल्या मिशा, गळ्यात चष्मा. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि एकेका पोर्टात बघत गेले.

"हेड कुठलं?"

"लोकल आहे सर. नाव नाही त्याला."

"हं. पहिला, दुसरा, चौथा तू केलेत. ग्राइंडरच्या रेघा दिसतात. बरे आहेत, हात घाईचा आहे पण बरे आहेत." मग त्यांनी तिसऱ्यात बघितलं. चष्मा लावला. बोट घालून वळणावरून फिरवलं. परत फिरवलं. "ह्याला टूलच लागलेलं नाही. ओतून आलाय तसाच आहे. लोकल हेडात असा पोर्ट? हा कुणाचा?"

"आईचा," मी म्हटलं.

"आं?"

"माझी आई फाउंड्रीत आहे. कोअर जोडते."

असंच आलं तोंडातून. आहे. जोडते.

इंगवलेसर हसले. चांगलं हसले, मनापासून. "तुझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे गड्या. असं कर, पुढच्या महिन्यात ये तू कोइमतूरला. राहायची सोय आहे आपल्याकडं. आणि येताना आईलाही घेऊन ये. दोघांनाही कामाला लावतो."

टेबलाभोवतीची पोरं हसली. तौफिक हेल्मेटचा पट्टा सोडवत होता, तो पट्टा त्याला सुटेना.

"काय, येतील का आई?" सरांनी विचारलं.

मी हेड माझ्याकडं ओढून घेतलं. इंजिन मघाशी बंद झालं होतं, तरी आतून ते अजून गरम होतं.

"घरी गेल्यावर विचारतो," मी म्हटलं.